ताकद आधी वहीत दिसते



आपल्या वस्त्यांमध्ये व्यायाम वर्षातून तीनदा सुरू होतो. एक जानेवारीला, भीमजयंती झाल्यावर, आणि पोलीस भरतीची जाहिरात आली की. पहिले आठ दिवस पहाटे पाचला ग्राउंडवर गर्दी असते. दुसऱ्या आठवड्यात ती निम्मी होते आणि तिसऱ्या आठवड्यात दोघं-तिघं उरतात. बाकीच्यांना विचारलं तर एकच उत्तर मिळतं, "सिस्टर, काही फरकच पडत नाही." बायकांच्या गटातही हेच. महिनाभर चालून आलेली ताई साडीचा पदर खोचत म्हणते, "होती तशीच आहे मी."

आळस म्हणून हे उत्तर उडवून लावणं आम्हाला पटत नाही. यातल्या बहुतेकांना फरक पडलेला असतो, पण तो शोधतात आरशात आणि वजनकाट्यावर. ताकद तिथे सगळ्यात शेवटी दिसते. आधी ती कुठे दिसते, हे या महिन्यात सांगायचं आहे. त्यासाठी खडक चढायला शिकलेल्या मुलांचं उदाहरण सगळ्यात बरं, कारण चढाईत रोजचा फरक बोटाने दाखवता येतो. काल जिथे पाय घसरला त्याच्या एक हात वर आज पाय टेकला, एवढा साधा हिशेब.

जालना स्टेशनातून सिकंदराबादकडे जाणारी गाडी पकडली की परभणी, पूर्णा, नांदेड असं करत निझामाबाद येतं. त्या जिल्ह्यातलं पाकाला हे लहान गाव. तिथल्या शेतमजूर आईबापाची मुलगी मालावत पूर्णा. (नाव आपल्या पूर्णा नदीचंच.) ती समाजकल्याण विभागाच्या निवासी शाळेत शिकत होती. खम्मम जिल्ह्यातला आनंद कुमार हा दलित कुटुंबातला मुलगा, त्याचे वडील सायकल दुरुस्त करायचे. २५ मे २०१४ रोजी ही दोघं एव्हरेस्टच्या माथ्यावर उभी होती. पूर्णाचं वय तेव्हा १३ वर्षं ११ महिने होतं. इतक्या लहान वयात एव्हरेस्ट चढलेली ती पहिली मुलगी. दोघांनी बाबासाहेबांचा फोटो सोबत नेला होता, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या दिवसांत तो फोटो वस्तीवस्तीत मोबाइलवर फिरला.

पण फोटो शेवटच्या दिवसाचा होता. आम्हाला त्याच्या आधीचं सांगायचं आहे. २०१३ मध्ये या निवासी शाळांमधली सुमारे ११० मुलं हैदराबादजवळच्या भोंगीरला आणली गेली. संस्थेचे प्रमुख होते पोलीस अधिकारी आर. एस. प्रवीण कुमार आणि शिकवणारे होते गिर्यारोहक शेखर बाबू. भोंगीरचा किल्ला एकाच अखंड खडकावर उभा आहे. तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा पाय थरथरत होते, असं पूर्णाने पुढे सांगितलं. त्या ११० मधून २० मुलं दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये गेली आणि तिथून १७ हजार फुटांचं रेनॉक शिखर चढली. त्यातली नऊ जणं पुढे लडाखच्या कडाक्याच्या थंडीत सरावाला गेली. मग दोघांची निवड झाली. आधी खडक, मग लहान शिखर, मग थंडी, आणि त्यानंतर एव्हरेस्ट. यातली एकही पायरी गाळलेली नव्हती.

वर्तमानपत्रांनी दोघांचे फोटो छापले, ते योग्यच झालं. पण भोंगीरच्या खडकावर उभ्या राहिलेल्या बाकीच्या शंभरावर मुलांच्या पायांत आलेली ताकद काही कुणी परत घेतली नाही. आमच्या दृष्टीने तीही बातमीच आहे.

आपल्या राज्यातही हे घडलंय. आदिवासी विकास विभागाच्या 'मिशन शौर्य'मधून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी मे २०१८ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचले. मनीषा धुर्वे, उमाकांत मडवी, परमेश आळे, कविदास काठमोडे आणि विकास सोयाम. त्याच महिन्यात आपल्या मराठवाड्याच्या प्राध्यापिका मनीषा वाघमारे यांनीही एव्हरेस्ट गाठलं. त्याआधी २०१७ मध्ये खराब हवामानामुळे त्यांना शिखराच्या अगदी जवळून मागे फिरावं लागलं होतं.

मागे फिरणं हा तर त्या डोंगराचा नियमच आहे. एव्हरेस्टवर कुणी सरळ चढत जात नाही. वरच्या कॅम्पपर्यंत चढायचं, पुन्हा खाली येऊन झोपायचं, काही दिवसांनी आणखी थोडं वर जायचं. हवेत ऑक्सिजन कमी म्हणून शरीर हळूहळू रक्तातल्या लाल पेशी वाढवतं, आणि त्याला वेळ लागतो. खाली उतरलेल्या माणसाला पाहून कुणी म्हणेल की हा हरला. त्याच्या रक्ताचा हिशेब मात्र वाढलेला असतो.

आता आपल्या शरीरात काय होतं ते पाहू. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या तीन-चार आठवड्यांत जी ताकद वाढते, ती बहुतेक मज्जातंतूंची असते. मेंदूचा निरोप स्नायूंच्या जास्त धाग्यांपर्यंत पोहोचायला लागतो आणि ते एका वेळी कामाला लागतात. स्नायू तेवढाच असतो, पण काम जास्त करतो. म्हणून आरशात काही दिसत नाही. स्नायू भरायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. स्नायूला हाडाशी बांधणारे दोर आणि गुडघ्याचे बंध पक्के व्हायला त्याहून जास्त, कित्येक महिने. खडक चढणाऱ्या उत्साही पोरांची बोटं दुखावतात ती याच कारणाने. दंडात ताकद आलेली असते, बोटातला दोर अजून कच्चा असतो. आपल्याकडे तेच गुडघ्याचं होतं. पहिल्याच आठवड्यात पन्नास उठाबशा, दुसऱ्या आठवड्यात सुजलेला गुडघा, आणि मग मेडिकलवरून आणलेली दुखण्याची गोळी.

तिसऱ्या आठवड्यात पोरं मैदान सोडतात ना, नेमकं तेव्हाच आतलं काम सगळ्यात जोरात चाललेलं असतं.

"आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला कशाला व्यायाम?"

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो आणि तो खरा आहे. पाण्याचा हंडा कडेवर घेऊन जिना चढणारी, दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचणारी, ऊसतोडीला जाऊन मोळी डोक्यावर घेणारी बाई कष्ट कमी करते असं कोण म्हणेल? स्टीलच्या कारखान्यात पाळी करून आलेल्या दादाला पळायला जा असं सांगायला आमची जीभ धजत नाही.

पण कष्ट आणि सराव यांत फरक आहे. हंडा रोज तेवढाच असतो, रोज त्याच कडेवर असतो, आणि अंग दुखतंय म्हणून उद्या पाणी भरू नको असं कुणी म्हणत नाही. शरीर झिजतं, पण त्याला वाढायची संधी मिळत नाही. सरावात आपण ओझं आपल्या मर्जीने थोडंसं वाढवतो, दोन्ही बाजूंना सारखं देतो, आणि मधे एक दिवस आराम देतो. ताकद त्या आरामाच्या दिवशी भरते. म्हणून ज्या दिवशी शेतात दिवस काढला, त्या दिवशी सराव नको. आठवड्यात दोन किंवा तीन दिवस, पंधरा मिनिटं, एवढं पुरे.

आणि चढाईची ताकद म्हटलं की पोरं दंड दाखवतात. चढाई शिकवणारे पहिल्याच दिवशी उलटं सांगतात. हात सरळ ठेव, पायावर उभा राहा, पायाने स्वतःला वर ढकल. हाताने ओढत जाणारा माणूस लवकर दमतो. म्हणजे सरावाची जागा आपल्याकडे आधीच आहे, विहाराच्या पायऱ्या. रेलिंग जवळ ठेवून पायरीवर एक पाय ठेवायचा, त्याच पायावर जोर देऊन वर उभं राहायचं, हळू खाली यायचं. एका पायाने आठ वेळा, मग दुसऱ्याने. श्वास रोखायचा नाही. वर जाताना सोडायचा. सोपं वाटायला लागलं की आठाचे दहा करायचे. गुडघा दुखत असेल त्यांनी चढताना बरा पाय आधी टाकावा आणि उतरताना दुखरा पाय आधी. एवढ्याने अर्धा त्रास कमी होतो.

हाताच्या पकडीसाठी तरुणांनी शाळेच्या मैदानावरच्या सिंगल बारला नुसतं लटकावं आणि सेकंद मोजावेत. मोठ्या बायकांनी ओली सतरंजी दोन्ही दिशांनी पिळावी. मुलगी बारला लटकली की बघणारे असतात आणि बोलणारेही. आमचा अनुभव असा की चार-पाच जणी एकत्र गेल्या आणि सोबत एखादी आई पायऱ्यांवर बसली की बोलणारे आठवडाभरात कंटाळतात.

आता वहीचं. दहा रुपयांची वही पुरते. आठवड्यातून एकदाच मोजायचं, वार एकच, वेळ एकच, जागा एकच. रोज मोजू नका. झोप कमी झाली, पाळी आली, उपास केला, ऊन लागलं की आकडा खाली येतो आणि मन खट्टू होतं.

काय मोजायचं? भिंतीला टेकवलेली न हलणारी खुर्ची घ्या. हात छातीवर दुमडा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. ही दवाखान्यातही वापरतात ती चाचणी आहे. ६० ते ६४ वयाच्या बाईला १२ पेक्षा कमी आले, तर पायांची ताकद कमी झाली असं समजतात. मग पायऱ्या. किती चढल्यावर थांबावं लागलं? चढता चढता बोलता येत होतं का? वर पोहोचल्याबरोबर मनगटाची नाडी १५ सेकंद मोजा, चाराने गुणा. एक मिनिट थांबून पुन्हा मोजा. ताकद वाढत असेल तर ही नाडी आठवड्यागणिक लवकर खाली यायला लागते. आणि शेवटी एक ओळ लिहायची, या आठवड्यात कोणतं काम सोपं गेलं.

ही शेवटची ओळ लोक गाळतात. आम्हाला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. आमच्या गटातल्या साठीच्या एका मावशींचे खुर्चीचे आकडे असे आहेत: ५, ६, ६, ८, ६, ८, ९. पाचव्या आठवड्यात ताप येऊन गेला म्हणून आठाचे सहा झाले. मावशी म्हणाल्या, आता नाही येत. तेव्हा त्यांच्या नातीने वही उघडली आणि चौथ्या आठवड्याची ओळ वाचून दाखवली. "एसटीत चढताना दांडा धरला, पण स्वतःला ओढावं लागलं नाही." एसटीची पहिली पायरी किती उंच असते ते गुडघेदुखी असलेल्या बाईला विचारा. तालुक्याला दवाखान्यात जायचं, लेकीच्या घरी जायचं, चैत्यभूमीला जायचं, सगळं त्या एका पायरीवर अडतं. मावशी पुढच्या रविवारी आल्या.

मावशींना लिहिता येत नाही. त्यांनी दोन डबे ठेवलेत. जितक्या वेळा उठल्या तितके चिंचोके एका डब्यात, मागच्या आठवड्याचे दुसऱ्यात. दोन्ही डबे हलवून बघतात.

घरातल्यांनीही बघायला शिकावं. "बारीक झालीस की नाही?" हा प्रश्न बंद करा. त्याऐवजी जे दिसलं ते सांगा. काल जिन्यात दोनदा थांबलीस, आज एकदाच. असं सासूने सुनेला म्हटलं तर सून महिनाभर सराव सोडत नाही, हे आम्ही पाहिलंय. नवऱ्यानेही म्हणायला हरकत नाही! आणि एका पोराचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशेजारी ठेवू नका. प्रत्येकाचा सामना स्वतःच्या मागच्या रविवारशी.

एक आकडा मात्र वहीच्या पहिल्याच पानावर हवा, हिमोग्लोबिनचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त. वर एव्हरेस्टचं सांगितलं, तिथे हवेत ऑक्सिजन कमी असतो. रक्त कमी असलेल्या बाईच्या अंगात तो पोहोचवणारी गाडीच कमी असते. ती जालन्यात, आपल्या घरात राहून डोंगरावर असल्यासारखी धापा टाकते, आणि लोक तिला आळशी म्हणतात. अशा बाईने आधी रक्त बघावं, सराव नंतर.

तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. गरोदर नसलेल्या बाईचं १२ किंवा जास्त हवं. ८ पेक्षा कमी असेल तर सराव नको, थेट डॉक्टर. लोहाच्या गोळ्या आशाताईंकडे मिळतात. गोळी चहासोबत घेऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेल्या जेवणानंतर किंवा आपल्या जालन्याच्या मोसंबीच्या फोडींसोबत घ्या. शौचाला काळं होतं, घाबरू नका. मळमळलं तर रात्री झोपताना घ्या, पण सोडू नका. गोळी लागू पडली तर महिन्यात साधारण १ ग्रॅम वाढतं. तोही आकडा वहीत लिहा. आकडा १२ च्या वर गेला तरी डॉक्टर सांगतील तितके महिने गोळी चालू ठेवायची, कारण शरीरातला साठा भरायचा असतो.

सिकलसेलबद्दल इथेच सांगतो. हा आजार आदिवासींप्रमाणेच आपल्या समाजातही आढळतो, विदर्भात जास्त. विदर्भात सोयरीक असलेली घरं आपल्याकडे भरपूर आहेत. आईबाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक माणूस निरोगी असतो, पण त्याने उन्हात, पाणी न पिता अंगावर येईल असं पळू नये. ज्याला आजारच आहे त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ना जोराचा सराव करावा ना लोहाची गोळी घ्यावी. भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींनी ही रक्ततपासणी आधी करून घ्या. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलन मोहीम चालू आहे. सरकारी दवाखान्यात तपासणी कुठे होते ते आशाताईंना विचारा.

खाण्याचं थोडक्यात. पातळ वरणाने स्नायू भरत नाहीत. मूठभर शेंगदाणे, भिजवलेले हरभरे, एक अंडं, जमेल तेव्हा सुकट. आणि हे घरातल्या बाईच्या ताटातही, सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर नव्हे.

गरोदर बाई, सिझर किंवा पिशवीचं ऑपरेशन झालेली बाई, बीपी किंवा हृदयाची गोळी चालू असलेले, यांनी विचारल्याशिवाय सुरू करू नये. सराव करताना छातीत दाटलं, डावा हात किंवा जबडा दुखला, दरदरून घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच बसा आणि १०८ ला फोन लावा. "थोडं बसलं की बरं वाटेल" म्हणत घरी चालत जाऊ नका.

राहता राहिला तो आठवडा, जेव्हा आकडा हलतच नाही. तीन रविवार तोच आकडा आला तर एक आठवडा पूर्ण सुट्टी घ्या, फक्त चाला. मग परत या आणि एक गोष्ट बदला. पायरी थोडी उंच घ्या, किंवा उतरताना चार अंक मोजत हळू उतरा. तरीही हलला नाही तर झोप, रक्त आणि ताट, या तिघांपैकी काय कमी पडतंय ते वहीत शोधा.

आमच्या गटाने ठरवलंय की उन्हाळा संपला की औरंगाबाद लेणीला जायचं. तिथल्या पायऱ्या चढून वर गेलं की शहर खाली दिसतं. मावशी म्हणतात, त्या अर्ध्यापर्यंत येतील. अर्ध्यावर कुठे बसायला सावली आहे, ते पोरं आधी जाऊन बघून येणार आहेत.